काउंट आले, पण प्रतिकारशक्ती?

अस्थिमज्जा रोपणानंतर दात्याच्या मूलपेशी रुजल्या आणि काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, वर आले, की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. डॉक्टर मात्र पुढेही कित्येक महिने जपायला सांगतात. या सावधगिरीमागे काही दशकांचा, बऱ्याच अंशी क्लेशदायक अनुभव आहे.

१९५७ मध्ये अमेरिकेत डॉनल थॉमस यांनी दुसऱ्याची मज्जा शिरेतून देण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा प्रश्न एकच होता: ती रुजेल का? पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये झाँ दोसे यांना एचएलए गटातला (पेशींवरच्या ओळखखुणांच्या गटातला) पहिला प्रतिजन सापडला आणि जुळणाऱ्या दात्याच्या शोधाला दिशा मिळाली. १९६८ मध्ये मिनेसोटात रॉबर्ट गुड यांनी जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळाला बहिणीची मज्जा दिली. बाळ जगले. दात्याच्या पेशींतून नवी प्रतिकारयंत्रणा उभी राहू शकते, हे त्यातून दिसले.

पण हीच यंत्रणा रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर उलटायची. हल्ला करतात दात्याच्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. मग १९८०च्या दशकात त्या आधीच गाळून मज्जा देण्याचा मार्ग निघाला. कागदावर उपाय बिनतोड होता. हल्ला खरोखरच कमी झाला; पण रोपण फसण्याचे प्रमाण वाढले, दबलेले विषाणू डोके वर काढू लागले आणि रक्ताचा कर्करोग अधिक वेळा परतू लागला. नकोशा वाटलेल्या पेशीच राखणही करत होत्या. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महागडा धडा हाच.

त्यानंतर लक्ष पेशींच्या संख्येकडून त्यांच्या कुवतीकडे वळले. जिवाणूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी साधारण दोन ते चार आठवड्यांत येतात, विषाणूबाधित पेशी मारणाऱ्या एनके पेशीही लवकर. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींना बहुधा सहा महिने ते वर्ष लागते, इतर पेशींना मदत करणाऱ्या सीडी४ टी-पेशींना त्याहूनही जास्त. सुरुवातीला दिसणाऱ्या टी-पेशी मुख्यतः दात्याकडून आलेल्या मोजक्या पेशींची पिलावळ असते. ओळखीच्या शत्रूंपुरती ती पुरते. नव्या शत्रूंसाठी लागणारे वैविध्य छातीतल्या, टी-पेशी घडवणाऱ्या थायमस ग्रंथीतून येते आणि ती वयाबरोबर आक्रसते, म्हणून मुले प्रौढांपेक्षा लवकर सावरतात.

१९९२ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी सायटोमेगॅलो हा शरीरात दबून राहणारा विषाणू ओळखणाऱ्या दात्याच्या टी-पेशी प्रयोगशाळेत वाढवून रुग्णांना दिल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे सगळ्या टी-पेशी काढण्याऐवजी हव्या तेवढ्याच निवडून देण्याकडे प्रवास सुरू झाला. लसींपुरते म्हणायचे, तर बालपणीच्या बहुतेक लसी रोपणानंतर पुन्हा घ्याव्या लागतात. गोवरासारख्या जिवंत (दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूच्या) लसी मात्र साधारण दोन वर्षे टाळतात, आणि तेव्हाही औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेली असेल तर देत नाहीत.