पॅरामेडिकल केलं की १०८ वर लागता येतं का?

बारावीचा निकाल लागला की कोणीतरी विचारतंच, दादा मी पॅरामेडिकलला ॲडमिशन घेतोय, मग ॲम्ब्युलन्सवर लागेन ना? सगळा घोळ नावात आहे. आपल्याकडे पॅरामेडिकल म्हणजे लॅबवाले, एक्स-रेवाले, ओटी (ऑपरेशन थिएटर), डायलिसिस असे सगळे टेक्निशियन एकाच टोपलीत, आणि पॅरामेडिक किंवा ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) म्हणजे पेशंट हॉस्पिटलला पोचेपर्यंत त्याला सांभाळणारा माणूस. एक 'ल' जास्त लागला की काम पार बदलतं.

डीएमएलटीवाला (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करणारा) काय शिकतो, तर रक्त काढायचं, कुठल्या रंगाच्या झाकणाच्या ट्यूबमध्ये भरायचं (सीबीसी म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीला जांभळं), मशीन चालवायचं, स्लाइड वाचायची. जबाबदारीचं काम आहे, पण सॅम्पल खराब झालं तर परत मागवता येतं.

ईएमटीला पहिल्यांदा शिकवतात ते पेशंटला हात लावायला नाही, तर थांबून बघायला. वायर तुटून पडलीय का, मागून ट्रक येतोय का, कारण तूच आडवा झालास तर दोन पेशंट. मग श्वासाचा मार्ग मोकळा आहे का, श्वास चालू आहे का, रक्त कुठून जातंय का. सीपीआर (हृदय थांबलेल्याची छाती दाबून श्वास देणं) तर इतका घोटून घेतात की बस, मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंमी खाली जायला हवी, ३० दाब झाले की २ श्वास, आणि डमीवर करतानाच दोन मिनिटांत दंड भरून येतात तेव्हा कळतं की दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा. शिवाय मान न हलवता हेल्मेट काढणं (दोघं लागतात, एकट्याने खेचायचं नाही), मोडलेल्या हाडाला स्प्लिंट (आधाराची पट्टी) बांधणं, चालत्या गाडीत बाळंतपण करणं.

आता महाराष्ट्रातली खरी गोम. आपली १०८ सेवा २०१४ ला सुरू झाली ती गाडीवर डॉक्टर ठेवून, बरेचसे बीएएमएस (आयुर्वेदाचे). गुजरातसारख्या ठिकाणी १०८ वर मागे ईएमटी आणि पुढे पायलट (ड्रायव्हरला तिथे पायलटच म्हणतात), आणि डॉक्टर लागला तर फोनवर. त्यामुळे इथे नुसता ईएमटी करून १०८ धरायला निघालात तर जरा जपून, प्रायव्हेट ॲम्ब्युलन्स, हॉस्पिटलची कॅज्युअल्टी, कारखान्यातला फर्स्ट एड रूम हे पण डोक्यात ठेवा.

फी भरायच्या आधी ब्रोशरवरचा ॲम्ब्युलन्सचा फोटो बघून भुलू नका, इंटर्नशिप कुठे आहे ते विचारा. सहा महिने लॅबमध्ये असेल तर तो कोर्स लॅबचाच, नाव काही का असेना.

आणि तुम्हाला गाडी लागते का? हसू नका, घाटातून पळणाऱ्या गाडीत मागे आडवं बसून कोणाचं तरी बीपी घ्यायचंय.