पश्चिमी विक्षोभ

पश्चिमी विक्षोभ : हिवाळ्यात भूमध्य, काळा व कॅस्पियन या समुद्रांच्या परिसरातून निघून इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तानमार्गे उत्तर भारतावर येणारी, पश्चिमी वाऱ्यांमधील कमी दाबाची द्रोणी (लांबट पट्टा) किंवा चक्राकार वाऱ्यांची स्थिती. वृत्तपत्रांत तिचा उल्लेख पश्चिमी झंझावात असाही होतो. डिसेंबर ते मार्च या काळात महिन्याला साधारण चार ते सहा विक्षोभ येतात. त्यांतील जोरदार मोजकेच. हिमालयातील हिमवृष्टी व हिमस्खलने आणि पंजाबातील गव्हाला मिळणारा पाऊस हा त्यांचा थेट परिणाम होय. सोलापूरकडील थंडी, ढगाळ हवा व गारपीट यांचे कारणही पुष्कळदा त्यांनाच चिकटवले जाते. तेथे मात्र जपून बोलावे लागते.

उगमाविषयी मतभेद आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हवामानशास्त्रावर युरोपातील सीमापृष्ठांच्या (उष्ण व थंड हवेच्या राशींमधील सीमांच्या) कल्पनेचा पगडा होता. त्यामुळे विक्षोभ म्हणजे भूमध्य समुद्रावरील आवर्ताचाच (चक्राकार वादळाचाच) झिजत आलेला अवशेष, असे मानले जाई. पण इराणमधील झॅग्रोस व अफगाणिस्तानातील हिंदुकुश हे पर्वत ओलांडताना जमिनीलगतची उष्ण व शीत सीमापृष्ठे टिकत नाहीत, आणि भारताच्या नकाशावर ती स्पष्ट आखता येत नाहीत, ही अडचण होती. हवामानशास्त्रज्ञ पिशारोटी व देसाई यांचा १९५६चा निबंध या चर्चेत अजूनही उद्धृत होतो. फुग्यांद्वारे उच्चस्तरीय निरीक्षणे नियमित मिळू लागल्यावर भर बदलला. विक्षोभाचा गाभा जमिनीपासून बऱ्याच उंचीवर, उपोष्ण पश्चिमी प्रवाहझोतातील (उंचावरून वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याच्या अरुंद पट्ट्यातील) लहरीत असतो. जमिनीवरचा न्यूनदाब, उदाहरणार्थ राजस्थानावर तयार होणारा प्रेरित न्यूनदाब, हा त्याचा परिणाम असतो. अलीकडे संगणकाने काढलेल्या मार्गांतही वरच्या थरातील भ्रमिलताच (हवेच्या गरगर फिरण्याचे मापच) धरली जाते. त्यांत काही विक्षोभांचे मूळ पार अटलांटिकपर्यंत, तर काहींचे मध्य आशियात सापडते. हे दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. बाष्पाचा हिशेबही त्याला पूरक आहे : काश्मिरात पडणाऱ्या बर्फाचे पाणी भूमध्य समुद्राचेच असते असे नाही, वाटेत अरबी समुद्राकडून मोठी भर पडते. शालेय पुस्तकांतील ‘भूमध्य समुद्रावरून येणारा पाऊस’ हे वर्णन त्यामुळे अर्धेच खरे आहे.

हिमस्खलनाच्या दृष्टीने विक्षोभाइतकीच दोन विक्षोभांमधील उघडीप महत्त्वाची असते. निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग झपाट्याने थंड होतो, तळ मात्र शून्य अंशाजवळ राहतो. थर पातळ असेल तर दर मीटरला १० अंश से. किंवा अधिक फरक पडून कण एकमेकांपासून सुटे, साखरेसारखे भरभरीत होतात. पुढच्या विक्षोभाचे बर्फ, त्यातही वाऱ्याने आडोशाच्या उतारावर आणून टाकलेले, या कच्च्या थरावर बसले की एका माणसाच्या वजनानेही अख्खी लादी सुटू शकते. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वाधिक धोक्याचे. काश्मीर खोऱ्याच्या दक्षिणेकडील पीर पंजाल रांगेत हिमवृष्टी भरपूर व हवा तुलनेने उबदार, म्हणून वादळाच्या काळातच किंवा लगेच नंतर स्खलने होतात. काराकोरममध्ये बर्फ कमी पण थंडी कडक. तेथे कच्चा थर आठवडेच्या आठवडे टिकतो आणि स्वच्छ उन्हाचा दिवस फसवा ठरतो. फेब्रुवारी २००५ मध्ये काश्मिरातील वालटेंगू नाड येथे १५० हून अधिक माणसे दगावली. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी माणा (उत्तराखंड) येथे रस्तेबांधणी कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन झाले. दोन्ही वेळा आधी जोरदार हिमवृष्टी झाली होती. गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता मोठी असते, त्यानंतर ती वेगाने घटते. इशारे देण्याचे काम मनालीची ‘सासे’ ही हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था (स्थापना १९६९) करीत असे. २०२० मध्ये ती संरक्षण भू-माहिती संशोधन आस्थापनेत विलीन झाली.

सोलापूर पीर पंजालपासून पंधराहून अधिक अक्षांश दक्षिणेस आहे. विक्षोभ येथवर क्वचितच पोचतो, पोचतो तो त्याचा मागचा वारा. विक्षोभ पुढे सरकला की उत्तरेकडील कोरडी थंड हवा दख्खनवर उतरते, आकाश निवळते आणि रात्रीचे तापमान पडते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला ही थंडी मानवते. नान्नज, पंढरपूर, बार्शीकडील द्राक्षांची फुगवण मात्र ती लांबल्यास मंदावते. उलट विक्षोभ जवळ असताना ढग दाटून रात्री उबदार होतात. मग ज्वारीवर मावा ही कीड व चिकटा, द्राक्षावर भुरी व डावणी हे बुरशीजन्य रोग, आणि फवारण्यांचा खर्च. शेडवरचा बेदाणा अशा हवेत काळा पडतो.

गारपिटीचा कार्यकारणभाव गुंतागुंतीचा आहे. फेब्रुवारीअखेर ते मध्य मार्च २०१४ या काळात महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीत सोलापूर जिल्ह्यातील द्राक्षे, डाळिंबे व काढणीला आलेली ज्वारी यांचे मोठे नुकसान झाले. त्या वेळी पश्चिमी वाऱ्यांची द्रोणी नेहमीपेक्षा बरीच दक्षिणेकडे उतरली होती. खालच्या थरात समुद्रावरून बाष्प येत होते आणि जमीन तापू लागली होती. तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय गार पडत नाही, म्हणून नुसत्या ‘विक्षोभामुळे गारपीट’ या बातमीत तथ्य थोडेच.

गारांचा पट्टा अरुंद असतो. शेजारच्या शिवारात पानही हलत नाही. त्यामुळे वेधशाळेच्या नोंदीत तो पुष्कळदा येतच नाही, आणि गाववार माहितीसाठी अभ्यासकाला महसूल खात्याच्या पंचनाम्यांकडे वळावे लागते. पंचनाम्यात क्षेत्र व नुकसानीची टक्केवारी असते. गारेचा व्यास किंवा पडण्याची वेळ लिहिण्याचे तलाठ्याला कारण नसते.