चार पाऊणे तीन

हरिहरेश्वरला आमचा मुहूर्त टळला. आता अंबाजोगाईच्या माणसाला मुहूर्त टळणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, आमच्या गावाची अख्खी गोष्टच त्यावर आहे. योगेश्वरी मूळची कोकणातली, परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, वऱ्हाड निघालं, पण पोचायच्या आत कोंबडा आरवला आणि सगळं वऱ्हाड जागच्या जागी दगडाचं झालं, देवी मग इथंच राहिली. म्हणून कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवी आमच्या गावात, त्यांच्या गाड्या वर्षभर येतात. आम्ही मात्र उलट्या बाजूनं कधी गेलो नव्हतो, ते या वर्षी गेलो.

होळी झाली आणि त्याच्या चौथ्या दिवशी क्रूझर करून अकरा माणसं निघालो, पाचशेच्या आसपास किलोमीटर, रात्रभर पोरांच्या उलट्या, ताम्हिणी घाटात तर ड्रायव्हरनंच गाडी थांबवून तोंड धुतलं. पोचेस्तोवर दुपारचे दोन वाजले. तिथली रीत अशी की आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, आणि मग प्रदक्षिणा. पण ही प्रदक्षिणा देवळाभोवती नाही, डोंगराभोवती आहे. दगडात एक चिंचोळी खाच, तिच्यातनं पायऱ्या खाली उतरतात आणि वाट सरळ समुद्रातल्या काळ्या खडकावर जाते. आम्ही वरून बघितलं तर खाली खडक नव्हताच. खाचेत पांढरं पाणी घुसायलं, फुटायलं, परत जायलं.

दाजी म्हणले, थांबू पाच मिनिटं, लाटा कमी झाल्या की जाऊ. शेजारी कोकम सरबताची गाडी लावलेल्या मावशी हसल्या. म्हणल्या, "लाटेचं नाही हो ते, भरती चढत्ये. आज संकष्टी ना? चार पाऊणे तीन. तीनला पाणी पुरं भरेल, मग उतरायला लागेल. रात्री नऊला वाट मोकळी होईल पण अंधारात जायचं नाही कुणी, उद्या सकाळी नऊ-दहाला या."

आईचा संकष्टीचा उपास होता, सरबताचा ग्लास हातात तसाच राहिला. घड्याळ नाही, मोबाईल नाही, या बाईनं संकष्टीवरून समुद्राची वेळ सांगितली कशी? आणि तीन वाजता बघितलं तर खरंच पाणी चढायचं थांबलेलं.

तर ती पाऊणकी आहे. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घ्यायचे ना, एक पाऊणे पाऊण, दोन पाऊणे दीड, तीच. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार. शुद्ध पक्ष असो नाहीतर वद्य, हिशेब तोच, आणि जी वेळ दुपारची तीच साधारण पहाटेची, कारण भरती दिवसातनं दोनदा येते. सव्वासहा तास पुढं गेलं की ओहोटी. आईला पाऊणकी आजही पाठ आहे, मला नाही, मी मोबाईल काढला.

यामागं काय आहे? तिथी म्हणजे तरी काय, सूर्य आणि चंद्र यांच्यात आकाशात किती अंतर पडलं त्याचं माप, बारा अंश अंतर वाढलं की एक तिथी संपली. चंद्र रोज तेवढा मागं पडतो म्हणून तो रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो. हे आपल्याला माहीत असतंच, पौर्णिमेला चंद्र सूर्य मावळताच उगवतो आणि संकष्टीला मात्र साडेनऊपर्यंत उपाशी बसवतो. आणि भरती चंद्राच्या मागं असल्यामुळं तीही रोज तितकीच मागं सरकते. पाऊण तास म्हणजे 45 मिनिटं, खरा आकडा 50 च्या जवळचा, पण पाच मिनिटांसाठी कोण कशाला पाढा बिघडवेल.

आता दिवसातनं दोनदा का, हे मला शाळेत कधीच नीट कळलं नव्हतं. चंद्र पाणी ओढतो हे ठीक, मग चंद्राच्या बाजूचं पाणी फुगेल, पण पलीकडच्या बाजूचं का फुगतं? ते असं बघा. वारीत दिंडी चाललीय, पुढचे झपाझप निघाले, मधले बेतानं चाललेत, मागचे रेंगाळले. पाच मिनिटांत दिंडी दोन्हीकडनं लांबते, मधल्या माणसाला वाटतं पुढचे पुढं गेले आणि मागचे मागं गेले, जरी सगळे पंढरीकडंच चाललेत. चंद्राच्या जवळचं पाणी जास्त ओढलं जातं, पृथ्वीचा मधला भाग त्याहून कमी, पलीकडचं पाणी सगळ्यात कमी. म्हणून पृथ्वीच्या दोन्ही अंगांना पाणी वर येतं. ओढ किती आहे याला महत्त्व नाही, ओढीतला फरक किती आहे याला आहे. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या पावणेदोनशेपट जोरानं ओढतो, पण तो इतका लांब आहे की पृथ्वीच्या अल्याड-पल्याड त्याच्या ओढीत फारसा फरक पडत नाही, त्यामुळं भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी.

पण कमी असला तरी तो दिसतो. अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, दोघांचा जोर एकत्र होतो, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला दोघं काटकोनात, एकमेकांचं काम बिघडवतात, तेव्हा चढउतार कमी, तो भांग. उधाण शब्द आपण कशालाही वापरतो, आनंदाला उधाण आलं वगैरे, पण तो तिथीचा शब्द आहे हे मला त्या सरबताच्या गाडीवर कळलं.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो, हा पाढा मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा आहे, मद्रासला नेऊन चालणार नाही. समुद्राचं पाणी काय गुपचूप चंद्राखाली येऊन उभं राहत नाही, ते खंडांना आपटत, उथळ तळावर अडखळत, परातीतल्या पाण्यासारखं हिंदकळत येतं, त्यामुळं प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी आणि उंचीही वेगळी. कोचीला पाणी जेमतेम एक मीटर चढतं-उतरतं, मुंबईत पावसाळ्यातल्या उधाणाला भरतीचा आकडा 4.5 मीटरच्या वर जातो, आणि खंबातच्या आखातात, जिथं किनारा नरसाळ्यासारखा अरुंद होत जातो, तिथं दहा मीटरपर्यंत. तिथं भावनगरजवळ कोळियाकला निष्कलंक महादेव आहे, पाच पिंडी चक्क समुद्रात, ओहोटीला चालत जायचं आणि भरतीच्या आत परत यायचं. शिवाय अष्टमीच्या आसपास पाऊणकी अर्धा-पाऊण तास चुकू शकते. तेव्हा पाढ्याच्या भरवशावर खडकावर उतरू नका, त्या दिवशीची वेळ तिथल्या माणसाला विचारा. प्रदक्षिणेच्या वाटेवर माणसं वाहून गेलेली आहेत.

मुंबईची 26 जुलै 2005 सुद्धा यातच येते. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस, आमच्याकडं मराठवाड्यात वर्षाला सरासरी सातशे-आठशे पडतो म्हणजे आमचं अख्खं वर्ष तिथं एका दिवसात पडलं, आणि दुपारी नेमकी मोठी भरती. गटारं समुद्रात ओतायची तर समुद्रच वर आलेला.

असो. रात्री मुक्काम पडला, जांभ्या दगडाचं घर होतं. आईनं साडेनऊला डोंगरामागनं चंद्र वर आल्यावर उपास सोडला, आणि त्याच वेळी खाली समुद्र पार आत गेलेला ऐकू येत होता, म्हणजे आवाज लांब गेलेला. चंद्र क्षितिजावर असताना ओहोटी, चंद्र डोक्यावर आला की भरती, या किनाऱ्यावर साधारण असं जमतं. मी पहाटे तीनला उठून बघायचं ठरवलं होतं, उठलो नाही.

सकाळी पंचमी, म्हणजे रंगपंचमी. पोरांनी एकमेकांना रंगवून घेतलं आणि साडेनऊला आम्ही पायऱ्या उतरलो. काल जिथं पाणी फुटत होतं तिथं सपाट काळं पटांगण पसरलेलं. हा खडक बघून मला घरच्यासारखंच वाटलं, कारण तो घरचाच आहे, बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर पसरला त्यातला. वेरूळचं कैलास लेणं याच दगडात कोरलं, आमच्या अंबाजोगाईचं हत्तीखाना लेणंसुद्धा. आमच्याकडं तो झिजून काळी माती झाला, कोकणात वर्षाला तीन मीटर पाऊस, त्यानं त्यातलं विरघळण्यासारखं सगळं धुऊन नेलं, मागं लोखंड-ॲल्युमिनियम राहिलं, तोच लाल जांभा. आणि समुद्रालगत लाटांनी डोंगराचा पाय कापत कापत हे पटांगण केलं, वरचा भाग कोसळत गेला आणि मागं उरली ती ही वाट.

कड्याच्या भिंतीवर सगळीकडं छिद्रं, मधाच्या पोळ्यासारखी, काही बोट जाईल एवढी, काही डोकं जाईल एवढी. गाईड लोक लाटांनी कोरली म्हणतात. पण लाटा दगड गुळगुळीत करतात, अशी नक्षी करत नाहीत. हे काम मिठाचं आहे. तुषार उडतात, खारं पाणी दगडाच्या बारीक फटीत मुरतं, उन्हानं वाळतं, मिठाचे खडे तयार होताना आजूबाजूच्या कणांना रेटतात, कण सुटतो. हे रोज. आपल्याकडं भिंतीला लोणा लागतो आणि प्लास्टरचे पोपडे पडतात, अगदी तेच, फक्त हजारो वर्षं चाललेलं. एकदा खळगा पडला की आत सावली, ओल जास्त टिकते, मीठ जास्त साचतं, खळगा अजून खोल. आईनं भिंतीवरनं हात फिरवला आणि बोट चाटलं, खारट.

खडकाच्या उतारावर पट्टे दिसतात तेही नीट बघण्यासारखे. वर नुसता दगड, त्याखाली बारीक गोगलगायी, मग पांढऱ्या शिंपल्यांचा खरखरीत थर, खाली हिरवं शेवाळ. ज्याला जितका वेळ कोरडं राहता येतं तितक्या उंचीवर तो राहतो. म्हणजे भरतीचं वेळापत्रक दगडावर जिवंत लिहिलेलंच आहे. लांबवर दोन बाया कोयत्यानं कालवं फोडत होत्या, त्यांची पाऊणकी आपल्यापेक्षा पक्की असणार.

दुपारी बागमांडल्याहून फेरीबोटीनं सावित्रीची खाडी ओलांडली, गाडीसकट, पोरांना तेच सगळ्यात जास्त आवडलं. पलीकडं वेश्वी. काठाला तिवरांची झाडं, चिखलातनं खिळ्यांसारखी वर आलेली त्यांची मुळं, चिखलात हवा नसते म्हणून मुळंच नाक वर काढून बसतात, आणि त्यातनं उड्या मारणारे निवटे, मासा असून जमिनीवर. दाजी म्हणले हे बेडूकच आहेत. नाहीत.

तिथनं वेळासला गेलो, नाना फडणवीसांचं गाव. इथं ऑलिव्ह रिडले कासविणी थंडीत रात्री वाळूवर येऊन अंडी घालतात, एका घरट्यात शंभरेक. घरटं कुठं करायचं हे तिला भरतीवरूनच ठरवावं लागतं, भरतीरेषेच्या वर नाही घातली तर पाणी शिरून अंडी कुजली. पूर्वी लोक ही अंडी खणून न्यायचे. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना घेऊन ती राखायला घेतली, अंडी कुंपणाच्या आत तशाच खोल खड्ड्यात ठेवतात, पन्नासेक दिवसांत पिल्लं वर येतात. नर निघणार की मादी हे अंड्यात नाही, वाळूच्या उबेत ठरतं, 29 अंशांच्या आसपास निम्मे निम्मे, जास्त गरम झालं की माद्या वाढतात. उन्हाळा असाच तापत गेला तर नर कुठून आणायचे हा प्रश्न आहे. 2022 च्या जानेवारीत इथल्याच एका कासविणीच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवून तिला सोडलं, नाव ठेवलं प्रथमा.

संध्याकाळी सहाला पिल्लांची टोपली उघडली. आमच्याकडं देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचं कासव असतं, पाय पोटात घेतलेलं, जन्मभर तेवढंच बघितलेलं. हे तळहाताच्या निम्मं, काळं, ओलसर, आणि एकसारखं चालणारं. पाणी उतरायला लागलं होतं म्हणून त्यांना ओल्या वाळूतनं जास्तच चालावं लागलं. एकाच्या वाटेत कुणाच्या तरी पायाचा ठसा आला, त्याच्यासाठी तो खड्डाच, उलटं पडलं, पाय हलवत राहिलं, माझा भाचा उचलायला धावला तर तिथल्या पोरानं दोरीच्या अलीकडंच अडवलं. आपलं आपण सरळ झालं. ती उजेडाच्या बाजूला जातात, समुद्रावरचं आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं म्हणून, त्यामुळं मोबाईलचा टॉर्च लावलेल्या एका काकांना सगळ्यांनी मिळून झापलं. त्या पिल्लांतलं मोठं होऊन परत येणारं हजारात एखादं.

पुढच्या संकष्टीला आई अंबाजोगाईत गच्चीवर चंद्राची वाट बघत होती, पाण्याची टाकी रिकामी, नळाला आठ दिवसांनी येणार होतं. साडेनऊच्या पुढं चंद्र वर आला, तिनं हात जोडले आणि मला म्हणली, आत्ता तिथं वाट मोकळी झाली असंल बघ.