पुडी एक, पाणी किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' (जुलाबात द्यायचे क्षार-ग्लुकोजचे द्रावण) हा शब्द वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली, हे उत्तमच झाले. मात्र अस्सल पुडी घरात आली तरी ती किती पाण्यात कालवायची, हे आईला नेमके उमगले नसेल, तर त्या पुडीचा उपयोग होईलच असे नाही.

बाजारात सुमारे 21 ग्रॅमची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी आणि सुमारे 4 ग्रॅमची छोटी पुडी 200 मिलिलिटर पाण्यासाठी मिळते. छोटीची सवय झालेल्या घरात मोठी पुडीही सहज पेल्यातच रिकामी होऊ शकते.

आतड्याच्या अस्तरातील पेशींवर एसजीएलटी-1 नावाचे वाहक प्रथिन असते. ते ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन पेशीत ओढून घेते, आणि कॉलऱ्यातही त्याचे काम चालू राहते. सोडियम व ग्लुकोज आत शिरले की परासरणामुळे, म्हणजे पाणी दाट द्रावणाकडे ओढले जात असल्याने, पाणीही त्यांच्यामागोमाग जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 च्या सूत्रात लिटरमागे सोडियम 75 आणि ग्लुकोज 75 मिलिमोल असून सर्व घटकांची मिळून परासारिता (विरघळलेल्या कणांची एकूण दाटी) 245 मिलिऑस्मोल भरते. रक्ताची सुमारे 290 असल्याने पाण्याचा ओढा रक्ताकडे राहतो. तीच लिटरची पुडी 200 मिलिलिटरमध्ये कालवली, तर परासारिता 1225 वर जाते, ओढा उलटतो आणि शरीरातले पाणीच आतड्यात उतरू लागते. जुलाब वाढतात, रक्तातील सोडियम चढते, मेंदूच्या पेशी आक्रसतात आणि बाळाला झटकेही येऊ शकतात.

घरचे मात्र 'याला पुडी सोसली नाही' असे म्हणून सलाईन लावायला धावतात. सलाईन चढवल्याशिवाय अंगात ताकद येत नाही, ही समजूत अंगाऱ्या-धुपाऱ्याच्याच पंक्तीतली आहे. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोजच्या तोंडावाटे दिलेल्या द्रावणाने असंख्य कॉलराग्रस्तांना वाचवले होते.

पुडी कशी कालवायची ते सांगून 'समजले ना?' असे विचारले की रुग्ण संकोचाने मान डोलावतो. अमेरिकेत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा' ही सूचना कमी साक्षर रुग्णांपैकी सुमारे 71 टक्क्यांनी अचूक सांगितली, परंतु दिवसाच्या एकूण गोळ्या मोजून दाखवणे जेमतेम 35 टक्क्यांना जमले. म्हणून आशाताईंनी 'मी नीट सांगितले की नाही ते मला कळू दे, घरी कसे कालवाल ते करून दाखवा' असे म्हणावे आणि लिटरची बाटली पुढे ठेवावी. यात परीक्षा सांगणाऱ्याची होते, त्यामुळे आई अवघडत नाही. बाटली अर्धीच भरली गेली, तर चूक तिथल्या तिथे दिसते आणि पुन्हा सांगता येते.

हीच पद्धत झिंकच्या गोळ्यांनाही लावावी. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की गोळीही थांबते; पुढचे जुलाब टळावेत म्हणून ती 14 दिवस द्यायची असते, हे पुष्कळदा कोणी सांगितलेलेच नसते.