दाब वाढला म्हणजे कॉलमच गेला?
वाळूज-चिकलठाण्याच्या औषध प्रयोगशाळांत एक समज पक्का आहे: एचपीएलसी (पंपाने दाबून ढकललेल्या द्रवाच्या मदतीने औषधातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) दाबमर्यादा ओलांडून बंद पडले की कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी बारीक कणांनी भरलेली नळी, चोक झाला, तो बदला. ही बहुधा घाई ठरते. पाणी आणि मिथेनॉल निम्मे-निम्मे मिसळले की 25 अंश सेल्सिअसला व्हिस्कॉसिटी (द्रवाचा दाटपणा) नुसत्या पाण्याच्या जवळजवळ पावणेदोन पट होते, त्यामुळे ग्रेडियंटच्या (चाचणीदरम्यान या द्रवांचे प्रमाण हळूहळू बदलण्याच्या) मध्यावर, विशेषतः कॉलम गरम ठेवणारे ओव्हन बंद राहिले असेल तर, निर्दोष कॉलमवरही दाब मर्यादेला भिडू शकतो. आमच्याकडे एकदा नवा कॉलम लावूनही पंप थांबलाच. शेवटी पर्ज व्हॉल्व्हमधला (पंपातला द्रव बाहेर काढण्याच्या झडपेतला) फ्रिट, म्हणजे छोटी गाळणी, काढला, तर तो पंपाच्या सीलच्या झिजेने काळा पडलेला! म्हणून प्रवाह कमी ठेवून डिटेक्टरकडून पंपाकडे एकेक जोड सैल करावा. जिथे दाब एकदम उतरतो, तिथून प्रवाहाच्या दिशेने लगेच पुढचा भाग तपासावा.