जुन्या फोर्ड डिझेल पिकअपचे हीटर प्लग व इग्निशन स्विच बदलणे

फोर्डच्या एफ-२५० आणि एफ-३५० पिकअपमध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरचे (नंतरचे नाव नाविस्टार) आठ सिलिंडरचे डिझेल इंजिन येत असे: १९८३ ते १९८७ मध्ये ६.९ लिटरचे, १९८८ ते १९९४ मध्ये ७.३ लिटरचे. त्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात फवारले जाते. इंजिन थंड असले की कप्प्याचा गार धातू हवेतली उष्णता शोषून घेतो, म्हणून कप्पा विजेवर तापवणारे, दर सिलिंडरला एक असे आठ ग्लो प्लग लागतात. आपल्याकडे गॅरेजात त्यांना हीटर प्लग म्हणतात.

नवे प्लग आणण्याआधी जुने तपासावेत. प्लगवरची वायर काढून टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावावी आणि टोक प्लगला टेकवावे. दिवा लागला नाही तर प्लग गेला. मीटरवर चांगला प्लग २ ओमच्या आत दाखवतो. ७.३ लिटरच्या इंजिनात प्लग किती वेळ तापवायचे ते ठरवणारा कंट्रोलर नागमोडी धातूच्या पट्टीतून जाणारा करंट मोजतो. एकदोन प्लग जळले की त्याचा अंदाज चुकतो, प्लग तापेपर्यंत लागणारा डॅशवरचा दिवा एकदोन सेकंदात विझतो आणि उरलेले प्लगही पुरते तापत नाहीत. म्हणून आठही एकदम बदलणे बरे.

दोन्ही बॅटऱ्यांची निगेटिव्ह केबल काढून डीप सॉकेटने प्लग सोडवावेत. आटे सुटूनही प्लग बाहेर येत नसेल तर टोक फुगलेले असते. प्लगना करंट जोडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) चिकटला किंवा प्लग तापवायला हाताने दाबायचे बटण बसवले असेल आणि ते फार वेळ धरले की असे होते. तिथे जोर लावला तर टोक तुटून कप्प्यात पडते, मग इंजेक्टर काढून तुकडा शोधत बसावे लागते. नवा प्लग आधी हाताने आट्यात बसवून सुमारे १६ न्यूटन-मीटरला आवळावा. वायरीचे टोक सालानुसार वेगळे असते. दुकानात जुना प्लग सोबत न्यावा.

प्लग चांगले असूनही गाडी उठत नसेल तर संशय इग्निशन स्विचवर घ्यावा. प्लगच्या कंट्रोलरला आणि पंपावरच्या इंधन-सोलेनॉइडला (इंधन सोडणाऱ्या विजेच्या झडपेला) सप्लाय त्याच्यातूनच मिळतो. १९९१ पर्यंतच्या मॉडेलांत हा स्विच किल्लीपाशी नसून डॅशखाली स्टिअरिंग कॉलमच्या वरच्या अंगाला असतो आणि लांब सळई त्याला सरकवते. कॉलम थोडा खाली उतरवला की दोन नट हाताला लागतात. नव्या स्विचमध्ये त्याला लॉक स्थितीत धरणारी पिन असते. किल्लीही लॉकवर ठेवावी, सळईचे टोक खाचेत घालावे, नट आवळावेत, मगच पिन काढावी. स्विच जरा पुढेमागे बसला तर स्टार्टर फिरत नाही, किंवा किल्ली सोडली तरी थांबत नाही. आणि किल्ली फिरते पण पलीकडे काहीच हलत नाही, तेव्हा बहुधा कॉलममधला दातेरी भाग तुटलेला असतो. नव्या स्विचने ते दुखणे जात नाही.

गाडी उठत नाही म्हणून ईथरचा (चटकन पेट घेणाऱ्या द्रवाचा) फवारा इंजिनात मारण्याची सवय या इंजिनाला जिवावरची ठरते, कारण तापलेल्या प्लगवर तो अवेळी पेटतो.