रक्तशोषक पिशाचे : वर्गीकरण

जिवंत माणसाचे रक्त, प्राणशक्ती किंवा आतडी-काळीज यांवर पोसणाऱ्या योनी जगातील अनेक लोकसमूहांच्या समजुतींत आढळतात. त्या सर्वांना ‘व्हॅम्पायर’ या एकाच नावाखाली आणण्याची रीत युरोपीय असून ती अठराव्या शतकाच्या मागे फारशी जात नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासात या योनींचे वर्गीकरण कोणत्या निकषावर करावे, याबद्दल एकमत नाही. केवळ रक्तपान हा निकष धरल्यास मूलतः भिन्न अशा समजुती एकत्र येतात आणि एकाच समजुतीची रूपे मात्र वेगळी पडतात.

‘व्हॅम्पायर’ शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. सर्बियन ‘वाम्पिर’, रशियन ‘उपिर’, पोलिश ‘उपिऊर’ ही रूपे एकाच मुळाची आहेत, एवढे बहुतेक सर्व भाषाभ्यासकांना मान्य आहे. भाषाशास्त्रज्ञ फ्रांट्स मिक्लोसिच यांनी चेटकीण या अर्थाच्या ‘उबेर’ या तुर्की शब्दापासून ती आली असल्याचे सुचविले व हे मत पुढे दीर्घकाळ उद्धृत होत राहिले. तथापि ‘वाम्पिर’मधील ‘म्’ हा आद्य स्लाव्हिक भाषेतील अनुनासिक स्वराचा अवशेष मानला जातो. तुर्की रूपात अनुनासिक नसल्याने आणि असे स्वर स्लाव्हिक भाषांच्या फार जुन्या अवस्थेतले असल्याने शब्द मुळात स्लाव्हिक असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याचा धात्वर्थ मात्र निश्चित झालेला नाही. शब्दाचा सर्वांत जुना म्हणून दाखविला जाणारा उल्लेख १०४७ सालचा आहे. नॉव्हगोरॉडचा राजपुत्र व्लादिमीर यारोस्लाविच याच्यासाठी उतरविलेल्या धर्मग्रंथाच्या पुष्पिकेत (शेवटच्या नोंदीत) लेखनिक धर्मगुरू स्वतःला ‘उपिर लिखी’ म्हणवितो. एका धर्मगुरूने असे नाव का धारण करावे, याचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळत नाही. ते स्वीडिश शिलालेखकोरक ‘ओपिर’ याच्या नावाचे रूपांतर असल्याचे मत मांडले गेले आहे. ते खरे ठरल्यास हा उल्लेख पिशाचविषयक पुराव्यातून बाद करावा लागेल.

पश्चिम युरोपला हा शब्द सरकारी कागदांतून मिळाला. १७१८ च्या पासारोविट्झ तहानंतर सर्बियाचा उत्तर भाग ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या अमलाखाली आला. १७२५ साली किसिल्येवो गावातील पेटर प्लोगोयोविट्झ या मृत शेतकऱ्यावर आठवड्याभरात झालेल्या नऊ मृत्यूंचा आळ आला आणि प्रांताधिकारी फ्रोमबाल्ड याला गावकऱ्यांच्या आग्रहावरून थडगे उघडण्याच्या वेळी हजर राहावे लागले. प्रेताची वरची कातडी सोलून निघून खाली नवी दिसत होती, नखेही नवी आल्यासारखी होती आणि तोंडात ताजे रक्त होते, असे त्याने नोंदविले. गावकऱ्यांनी छातीत मेख ठोकताच पुष्कळ रक्त वाहिले व त्यानंतर प्रेत जाळण्यात आले. हे निरीक्षण बनावट नव्हते. कुजताना पोटात साचणारे वायू प्रेत फुगवितात व रक्तमिश्रित द्रव तोंडावाटे बाहेर ढकलतात, तसेच वरची त्वचा सुटून आतला गुलाबी थर उघडा पडतो, हे लोकसाहित्याचे अभ्यासक पॉल बार्बर यांनी १९८८ मध्ये सविस्तर दाखविले आहे. १७३२ चा फ्ल्युकिंगर या लष्करी शल्यवैद्याचा अहवाल (आर्नोल्ड पाओले या मृत सर्बियन माणसावरील अशाच आळाचे प्रकरण) याच जातीचा आहे. १७५५ मध्ये हाब्सबुर्ग सम्राज्ञी मारिया थेरेझा हिने गेरार्ड फान स्वीटेन या वैद्याच्या सल्ल्यावरून अशा उत्खननांना बंदी घातली.

लोककथांत पुन्हापुन्हा येणाऱ्या घटकांना क्रमांक देणाऱ्या स्टिथ टॉम्पसन यांच्या कल्पनाबंध-सूचीत (१९३२–३६, सुधारित आवृत्ती १९५५–५८) व्हॅम्पायरला ‘मृत’ या विभागात ई २५१ हा क्रमांक आहे, तर रक्त शोषणारी चेटकीण ‘राक्षस’ विभागात जी २६२.१ येथे येते. कृती एकच, परंतु कर्ता मृत की जिवंत यावरून तिची दोन ठिकाणी वाटणी झाली आहे. ही सूचीतील त्रुटी असल्याचे अनेकदा म्हटले जाते. वस्तुतः सूचीने येथे योग्य तेच केले आहे. कारण ज्या समाजात समजूत जिवंत असते, तेथे ‘हे काय पिते?’ यापेक्षा ‘हे कोण आहे?’ हाच प्रश्न आधी विचारला जातो. उपायही त्याच उत्तरावर अवलंबून असतो.

या दृष्टीने पहिला वर्ग परतलेल्या प्रेतांचा होय. सर्बियन वाम्पिर त्यात येतो. ग्रीक ‘व्रिकोलाकास’ही त्यातच येतो. त्याचे नाव लांडगा या अर्थाच्या स्लाव्हिक शब्दापासून आले असून तो बहुधा रक्त पीत नाही, तर फुगलेल्या देहाने फिरून दारे ठोठावतो. उत्तर जर्मनीतील ‘नाखत्सेरर’ थडग्याबाहेरही पडत नाही. तो आतल्या आत स्वतःचे कफन चघळतो आणि त्यामुळे आप्त खंगत जातात. प्रेतांच्या या चघळण्यावर फिलिप रोर याने १६७९ मध्ये लाइपसिक येथे प्रबंध सादर केला होता. चिनी ‘जिआंगशी’ म्हणजे ताठरलेले प्रेत. त्याची उपपत्ती वेगळी असून, ‘हुन’ हा आत्मा निघून गेल्यावर ‘पो’ हा जड आत्मा देहात अडकून राहतो, अशी तीमागची कल्पना आहे.

दुसरा वर्ग जिवंत माणसांचा आहे व तो आग्नेय आशियात सर्वाधिक समृद्ध आहे. मलायातील ‘पेनांगलान’ ही दिवसा सामान्य स्त्री असते. रात्री तिचे मुंडके आतड्यांसह धडापासून सुटून उडते आणि बाळंतिणीचे व अर्भकाचे रक्त शोधते. परतल्यावर फुगलेली आतडी देहात मावावीत म्हणून ती व्हिनेगरमध्ये बुडविते, म्हणून तिच्या अंगाला सतत त्याचा वास येतो. खांबांवरील घराभोवती काटेरी फांद्या बांधतात, त्या या लोंबत्या आतड्यांसाठीच. फिलिपीन्समधील ‘मनानंगाल’ कमरेपासून तुटते. दोन्ही नावांत ‘तांगाल’, म्हणजे सुटणे, हा एकच धातू आहे. फिलिपिनो अभ्यासक माक्सिमो रामोस यांनी ‘अस्वांग’ या व्यापक फिलिपिनो नावाखालील योनींचे रक्तशोषक, अंतर्गत अवयव शोषणारी, श्वानरूपधारी, चेटकीण व प्रेतभक्षक असे पाच प्रकार केले आहेत. स्थानिक बोलणाऱ्यांचे एक नाव न मोडता त्याच्या आत भेद करणारी ही पद्धत अनुकरणीय आहे. कॅरिबियनमधील ‘सुकुयां’ कातडी काढून अग्निगोलाच्या रूपाने उडते. पश्चिम आफ्रिकेतील एवे लोकांचा ‘आद्झे’ काजव्याच्या रूपात येतो, तर तेथीलच अशांती लोकांच्या ‘ओबायिफो’ला चेटकीणच म्हणणे उचित ठरते.

तिसरा वर्ग कधीच मनुष्य नसलेल्या शक्तींचा. मेसोपोटेमियातील लमाश्तू ही अनू देवाची कन्या त्यात मोडते. ग्रीक लामिया मात्र मूळची राणी व पुढे राक्षसी झाल्याने सीमेवर राहते. लॅटिन ‘स्ट्रिक्स’ या रक्तपिपासू पक्ष्यांविषयी रोमन कवी ओव्हिडने ते पक्षी म्हणूनच जन्मतात की मंत्राने तसे होतात, हे अनिर्णीत ठेवले आहे. याच शब्दापासून अल्बेनियन ‘श्त्रिगा’ (जिवंत चेटकीण) आणि रूमानियन ‘स्त्रिगोय’ (जिवंत व मृत असे दोन्ही प्रकार) निघाले. अर्थात, एक शब्द तिन्ही वर्गांतून फिरला आहे.

वेताळाचे स्थान या तिन्हींत नीट बसत नाही. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेतालपंचविंशतीच्या इंग्रजी रूपांतराच्या शीर्षकातच ‘व्हॅम्पायर’ शब्द घातला आणि ते समीकरण रूढ झाले. परंतु कथेतला वेताळ रक्त पीत नाही. तो झाडाला लटकलेल्या परक्या प्रेतात शिरून राजाला कोडी घालतो. कोकण व गोव्यात तर तो रक्षक ग्रामदेवता आहे. अथर्ववेदात ‘क्रव्याद’, म्हणजे कच्चे मांस खाणारे, म्हटलेले पिशाच या विषयाला अधिक जवळचे आहेत.

उपायांवरून केलेली विभागणीही याच रेषांवर पडते. परतलेल्या प्रेताला मेख, शिरच्छेद किंवा दहन. देह मागे ठेवून जाणाऱ्या जिवंताच्या त्या रिकाम्या देहावर वा कातडीवर मीठ. अमानवी शक्तीपुढे ताईत व मंत्र. वर्ग ओलांडणारा उपाय ठळकपणे एकच दिसतो. वाटेवर बारीक दाणे विखुरणे, म्हणजे ते मोजत बसल्याने त्या योनीला उजाडेपर्यंत अडकून पडावे लागते. पूर्व युरोपात त्यासाठी खसखस वापरत आणि कॅरिबियनमध्ये तांदूळ.